तुफानला घाई नाही

हो, झालाय उशीर! मान्य! तुमचा काळा लोकरी कोट मंगळवारी द्यायचा होता आणि आज... जाऊ दे, आज काय वार आहे ते नका सांगू, माझंच मला वाईट वाटेल, पण साहेब, एक सांगा, तुमच्या घरी बॅसेट हाउंड कुत्रा आहे का? नाही ना? मग उशीर म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच नाही! तुम्ही ज्याला उशीर म्हणताय ना, त्याला आमच्या घरात लवकर म्हणतात! आणि मागच्या बाई, तुम्हीही बसा, तुमच्या चादरी तयार आहेत, पण त्या कपाटाच्या दारासमोर तो नुकताच झोपून गेला होता, जागा अजून ओली आहे, पाय घसरेल.

तर तुम्हाला सांगतो, कुत्रा हा प्राणी लाँड्रीवाल्यानं पाळायचाच नसतो. आणि पाळलाच तर कसा पाळावा? छोटा, कोरडा, बिनकेसाचा! आमच्याकडे काय आलं? धड मोठ्या कुत्र्याचं, वजन दोन गाठोड्यांचं, आणि पाय सोफ्याला असतात तेवढे! कान इतके लांब की पाणी प्यायला वाकला की आधी कान पाणी पितात, मग हा पितो, आणि मग ते ओले कान घेऊन साहेब सगळ्या दुकानाची फरशी पुसत हिंडतात. कातडं असं सैल, जणू शिंप्यानं माप चुकवून दोन नंबर मोठं शिवलंय. तोंडातून लाळ. मान हलवली की ती लाळ उडून बरोबर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर! रंगीत शर्टावर कधी उडत नाही हो, मी लक्ष ठेवून पाहिलंय. आणि वास... काय सांगू! मी तीस वर्षं लोकांचे मोजे धुतोय, मला कोणी वासाचं शिकवू नये, पण या कुत्र्याच्या वासापुढे मोजे म्हणजे अत्तर!

आणला कोणी? आमच्या कन्येनं. ती जनावरांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. कोणीतरी तिथे आणून सोडला आणि न्यायला परत आलंच नाही. कन्या म्हणाली, "बाबा, फक्त दोन दिवस." मी म्हटलं, "ठीक आहे, दोन दिवस." त्यातला एक दिवस तर त्याला दारातून आत यायलाच लागला! उंबऱ्याशी उभा राहिला, उंबरा हुंगला, डावीकडून हुंगला, उजवीकडून हुंगला, बसला, विचार केला, पुन्हा हुंगला. मी ओरडलो, "अरे, ये ना आत!" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, त्या लाल खालच्या पापण्या लोंबवून, की जणू घरात नुकतंच कोणी गेलंय आणि मी मोठ्यानं रेडिओ लावलाय. त्याला घाई नाही!

मग आत आला तो सरळ अप्पांच्या खुर्चीकडे गेला. अप्पा म्हणजे माझे वडील. हे दुकान त्यांनीच काढलं. पाठीवर गाठोडं घेऊन घरोघरी कपडे पोचवायचे, आमच्या गावात सायकल आली तरी हे पायीच, म्हणायचे सायकलवर घडी मोडते. आता त्यांना काही आठवत नाही. गेल्या वर्षापासून एकेक करून सगळं गेलं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग सुनेचं गेलं, मग... माझंही गेलं. मला "मालक" म्हणतात. रोज संध्याकाळी त्या दाराजवळच्या खुर्चीतून विचारतात, "मालक, माझं पोरगं आलं का हो?" मी इस्त्री फिरवत म्हणायचो, "येईल हो, येईल." आणि समोरचा शर्ट जरा जास्तच कडक व्हायचा.

तर हा प्राणी अप्पांपाशी गेला आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर धपकन बसला. अप्पांनी खाली पाहिलं, ते कान, ते पाय, ती चाल, आणि म्हणाले, "तुफान!" झालं! नाव पडलं! पोटच्या पोराचं नाव आठवत नाही, आणि या पायपुसण्याचं नाव सकाळ-संध्याकाळ पाठ! "तुफान जेवला का? तुफानला पांघरूण घाला. मालक, तुफानला वारा लागतोय." अहो, मला दिवसभर वाफ लागतेय, त्याचं कोणी विचारतंय का?

एक फायदा मात्र झाला, तो कबूल केला पाहिजे. अप्पा उठून बाहेर जायचे ना अधूनमधून, डॉक्टर म्हणाले होते, एकटं सोडू नका, हा पायांवर बसायला लागला तसे ते उठेनात. एवढं वजन पायांवर घेऊन कोण उठणार? कुत्रा कसला, कुलूप होतं ते! त्यात अप्पांचा एक जुना तपकिरी स्वेटर. दुपारी तो अप्पांच्या अंगात, रात्री कुत्र्याच्या अंगाखाली, सकाळी पुन्हा अप्पांच्या अंगात! माझ्या घरात! लाँड्रीवाल्याच्या! मी हात लावला की अप्पा ओरडायचे, "मालक, माल माझा आहे!" आणि हा खालून त्या खोल आवाजात, "भॉऽऽव!" आवाज ऐकलाय का तुम्ही त्याचा? गोदीत बोट लागली असं वाटतं.

कन्या मात्र कौतुकानं फुगलेली. रोज रात्री जेवताना त्याचा इतिहास! "बाबा, ही जात फ्रान्समधली आहे. तिकडे शेकडो वर्षं ससे हुंगून काढायला पाळायचे." मी म्हटलं, "ससे? हा? ससा म्हातारा होऊन मरेल तोवर!" म्हणते, "पकडायचं नाही हो, माग काढायचा. ब्लडहाउंड सोडला तर याच्यासारखं नाक कोणाचं नाही म्हणतात. आणि हे कान आहेत ना, ते जमिनीवरून फिरतात आणि वास नाकाकडे ढकलतात असं सांगतात." मी म्हटलं, "आणि पाय? पायांचं काय झालं? कापड कमी पडलं?" तर म्हणते, "पाय मुद्दाम आखूड ठेवलेत. मोठ्या लोकांकडे घोडे होते, त्यांना लांब पायांचे कुत्रे चालायचे. पण जो माणूस पायी शिकारीला जायचा, त्याच्यासाठी हा. चालणाऱ्या माणसाला मागोमाग जाता यावं म्हणून." मी हसलो. म्हटलं, म्हणजे कोणीतरी बसून, डोकं चालवून, पिढ्यान् पिढ्या खपून, मुद्दाम हळू कुत्रा तयार केला! असले उद्योग करायला त्या लोकांना वेळ होता, कारण त्यांना घाई नव्हती, म्हणून यालाही घाई नाही!

आणि शेजारी कोण राहतं? ड्रिल मास्तर! शाळेत पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेत, पण घरात अजून शिट्टी वाजते. त्यांचा अल्सेशियन, नाव कमांडो. उंच, ताठ, कान उभे. रोज सकाळी दोघं धावत दुकानावरून जायचे आणि मास्तर जागच्या जागी पाय आपटत म्हणायचे, "काय, तुमचा कुत्रा भरून यायचा आहे का अजून? अर्धाच आलेला दिसतोय!" बायको आतून म्हणायची, "अहो, उत्तर द्या काहीतरी." काय उत्तर देणार? मलाही अर्धाच वाटायचा!

आता तुमच्या कोटाकडे येतो. आलोच. कोट परवाच्या सोमवारी तयार झाला, इस्त्री झाली, त्या दाराजवळच्या खुंटीवर लावला. आणि त्याच दुपारी माझं डोकं फिरलं. एक गिऱ्हाईक आत आलं, नाक मुरडलं आणि म्हणालं, "इथे कपडे धुतात ना नक्की?" तुम्हाला सांगतो, लाँड्रीवाल्याला याच्याहून मोठी शिवी नाही! मी उठलो. म्हटलं, आज सगळं धुणार! अप्पांना डुलकी लागली होती, स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, तो उचलला आणि छोट्या मशीनमध्ये कोंबला. कुत्रा उचलला... उचलला कसला, ओढला! पायांवरचं कुलूप काढलं आणि मागच्या मोठ्या हौदात उभा केला. आधी कुत्र्याला साबण लावतो, मग मशीनचं बटण दाबतो, असा बेत. पण त्या कातड्याला घड्या किती! एक घडी उलगडावी तर आत दुसरी! अर्धा धुवून होतो न होतो तोच पुढून बायकोचा आवाज, "अहो, अप्पा आत आले का?"

खुर्ची रिकामी. दार उघडं. खुंटीवरचा कोट गायब.

बाहेर काय थंडी होती ते आठवतंय ना, आणि अंगात स्वेटर नाही, आणि तो उचलला कोणी? मीच! बायको एका दिशेला धावली, मी दुसऱ्या, कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, फोन करून कन्येला बोलावलं, पोलिसांना कळवलं, ते म्हणाले "बघतो". संध्याकाळ उतरायला लागली. अन् तेवढ्यात शिट्टी! ड्रिल मास्तर! "कोणी घाबरायचं नाही! कमांडो आहे! वासाची वस्तू आणा!"

बायको धावत आत गेली आणि अप्पांचा शर्ट घेऊन आली. कसला शर्ट? धुतलेला, निळेत काढलेला, खळ दिलेला, कडक इस्त्रीचा! कमांडोनं हुंगला. कान ताठ! शेपटी ताठ! मास्तर ओरडले, "बघा! लागला माग!" आणि सुटला हो बाण! मास्तर मागे, आम्ही मागे... आणि तो चौक ओलांडून सरळ घुसला कुठे? समोरच्या आळीतल्या दुसऱ्या लाँड्रीत! साबण एकच ना! साबणाच्या पोत्यांपाशी जाऊन बसला आणि विजयानं भुंकायला लागला. तो लाँड्रीवाला म्हणतो, "माझ्या दुकानावर कुत्रा सोडला!" मास्तरांशी त्याची हमरीतुमरी, कमांडोनं पट्टा तोडला, मास्तर शिट्टी वाजवत त्याच्या मागे... आता शोधायला दोन म्हातारे झाले!

परत येऊन आम्ही कपाट उपसलं. दुसरं काहीतरी द्या! रुमाल? धुतलेला. उशीचा अभ्रा? सकाळीच बदललेला. टॉवेल, पायजमा, टोपी... सगळं स्वच्छ! कापडी बूटसुद्धा बायकोनं रविवारी धुतलेले! कन्या डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, या घरात आजोबा राहतात याचा काही पुरावा आहे का?" लाँड्रीवाल्याच्या घरात स्वतःच्या बापाचा वास मिळेना हो! आयुष्यभर ज्या गोष्टीचा टेंभा मिरवला, तीच अंगाशी आली.

आणि मग आठवलं. स्वेटर! मशीनमध्ये! बटण दाबलं होतं का मी? धावलो... नव्हतं! कोरडा होता! का नव्हतं दाबलं? कारण माझे दोन्ही हात फेसात होते. का होते? कारण त्या कुत्र्याला धुवून संपतच नव्हतं. का संपत नव्हतं? कारण त्याला घाई नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी त्या स्वेटरला नाक लावलं. कुत्रा, तंबाखू, अप्पा... डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, असाच राहा बाबा, असाच घाण राहा.

कन्येनं हौदातून तुफानला खाली घेतलं. निम्मा ओला, निम्मा फेसाचा, एका कानावर फेसाचा डोंगर. स्वेटर पुढे धरला. तो पाच वेळा शिंकला. मग नाक जमिनीला लावलं... आणि निघाला.

निघाला म्हणजे काय, धावला नाही हो! नेहमीचीच चाल, पण थांबेना. पोट जमिनीला घासतंय, कान दोन्हीकडून रस्ता झाडतायत, मागे फेसाची रेघ. मी तीस वर्षं इस्त्रीपाशी उभा राहून तळव्यांची वाट लावलेला माणूस, बायकोचे गुडघे दुखरे, पण आम्ही दोघंही त्याच्या मागोमाग चालत होतो, धापही न लागता! तेव्हा मला त्या फ्रान्सवाल्यांची अक्कल पटली. अहो, चालणाऱ्या माणसाचा कुत्रा आहे तो! घोडेवाल्याचा नाही, शिट्टीवाल्याचा नाही, आपला!

शिंप्याच्या दुकानाशी थांबला. उंबरा हुंगला. पुढे निघाला. दातांच्या डॉक्टरांच्या जिन्याशी थांबला, पहिली पायरी हुंगली, पुढे. मग जुन्या पतपेढीचं मागचं दार. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अहो, ही तर अप्पांची फेरी! लहानपणी मी त्यांचं बोट धरून हीच फेरी केली होती, ते गाठोडं घेऊन पुढे, मी चिमट्यांची पिशवी घेऊन मागे! आणि फेरीचं शेवटचं घर कुठलं? नाट्यगृह! तिथले पोशाख आमच्याकडे यायचे. मी म्हटलं, "कळलं! चला, या बोळातून जाऊ, दोन मिनिटांत पोचू!" आणि पट्टा ओढला.

बसला. चौकाच्या मधोमध. मी ओढतोय, कातडं पुढे येतंय, कुत्रा तिथेच! रिक्षावाले हॉर्न मारतायत, बायको ओरडतेय, मी त्याला हात जोडतोय, "बाबा रे, आज तरी घाई कर!" त्यानं पाहिलं माझ्याकडे. तीच लोंबती पापणी. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत आहे की त्याला माहीत आहे?" मी पट्टा सोडला. तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षांच्या आयुष्यात एवढा शहाणपणा मी दुसऱ्यांदा केलेला नाही!

तो उठला, नाट्यगृहाकडे पाठ केली आणि उलट्या हाताला वळला. लांब भिंत. लोखंडी फाटक. माझी शाळा हो! पहिली ते चौथीची! बंद झालेली, कुलूप लावलेलं, आणि त्या फाटकाच्या पायरीवर अप्पा. शर्टावर, कुडकुडत. तुमचा कोट? अंगात नव्हता! नीट घडी घालून मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला, जमिनीला टेकू नये म्हणून.

तुफान गेला आणि त्यांच्या पावलांवर धपकन बसला. अप्पांनी त्याच्या कानावरचा फेस पुसला. मग मान वर केली, माझ्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि एकदम रागावले. "कुठे होतास रे चिमट्या? शाळा केव्हाची सुटली! किती वेळ थांबलोय मी!"

चिमट्या. चिमट्यांची पिशवी सांभाळायचो म्हणून चिमट्या. वर्षभर मालक, मालक ऐकून ऐकून माझंच मी विसरलो होतो ते नाव. अप्पा उठले, म्हणाले, "थंडी बघ किती आहे. हात वर कर," आणि तुमचा कोट मला घातला. हो साहेब! तुमचा! मी घातला! माझ्या खांद्यांना तो होतो का? उसवला डाव्या खांद्यात, कळलं मला, टर्र झालेलं ऐकलं, पण मी काढला नाही. बापानं घातलेला कोट कोण काढतो?

आणि मग आमची मिरवणूक निघाली! पुढे तुफान, मागे अप्पा माझं बोट धरून, मग बायको, मग कन्या. खिडक्या उघडल्या. शिंपी बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागला, डॉक्टरांच्या जिन्यावरून पेशंट खाली आले, एकाच्या तोंडात कापूस, तोही टाळ्या वाजवतोय! आणि तुफान? राजासारखा! प्रत्येक खांबाशी थांबतोय, हुंगतोय, लोकांना दर्शन देतोय. नाक्यावर कोण? ड्रिल मास्तर! हातात तुटका पट्टा, शिट्टी हरवलेली, कमांडोचा पत्ता नाही! मी फक्त म्हटलं, "मास्तर, तुमचा पूर्णच कुत्रा हरवला का?" बायको म्हणाली, "हं! आत्ता दिलंत उत्तर!" आणि ऐका, कमांडोला शोधून कोणी काढलं दुसऱ्या दिवशी? पुढे तुफान, मागे मास्तर! पायी! हळू! एकदाही जागच्या जागी पाय आपटले नाहीत!

आता अप्पा बरे झाले असं नाही. आज सकाळी पुन्हा "मालक" म्हणाले. म्हणू देत. संध्याकाळी कधी कधी "चिमट्या" हाक येते, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी मी लवकर दुकान बंद करतो.

कोट? हो, कोटच. मंगळवारी शिंप्यानं खांदा शिवला, बुधवारी मी स्वतःच्या हातानं धुतला, गुरुवारी इस्त्री, एक सुरकुती दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो. मग अडलं कुठे? जरा वाका. काउंटरच्या खाली, खुर्चीकडे. दिसला? हां, ते काळं लोकरी जे खाली दिसतंय ना, तोच. अप्पांनी स्वतः अंथरलाय. मी म्हटलं, "अप्पा, गिऱ्हाइकाचा माल आहे!" तर माझ्यावरच डोळे वटारले. "चिमट्या, ज्यानं तुला शाळेतून घरी आणलं, त्याला गार फरशीवर झोपवतोस?"

कोट तुमचाच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? तो उठला की काढतो, पुन्हा धुतो, पुन्हा वाळवतो, पुन्हा इस्त्री करतो. बसा, ती दुसरी खुर्ची ओढा. तुम्हाला घाई आहे, कळतंय मला... मलाही आहे... पण त्याला नाही!